रुग्णाची नोंद कोणाच्या उपयोगाची?

राष्ट्रीय पातळीवर रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणण्याचा विषय निघाला, की आपल्याकडच्या डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाल्या मंडळींत इंग्लंडच्या एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, दाखला हमखास दिला जातो. कोणी म्हणते, तिथे हे काम कधीच पुरे झाले. कोणी म्हणते, तिथे अब्जावधी पौंड पाण्यात गेले. एकाच देशाबद्दल ही दोन्ही विधाने बऱ्याच अंशी खरी आहेत, आणि ती खरी कशी, हे समजून घेतल्याशिवाय आपल्याकडच्या योजनांबद्दल बोलण्यात फारसा अर्थ नाही, असे मला वाटते. मी महाराष्ट्रातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पुढे इंग्लंडमध्ये वॉर्डात काम केले आणि आता लीड्समध्ये रुग्णनोंदींच्या प्रणालींची सुरक्षितता तपासतो. या कामात माझे एक मत पक्के होत गेले आहे. नोंद लिहिणाऱ्या माणसाला ती नोंद त्याच्याच कामात, शक्यतो त्याच दिवशी, उपयोगी पडत असेल तरच ती नीट लिहिली जाते. आणि जी नीट लिहिलेलीच नाही, ती देशभर फिरवण्यासाठी कितीही मोठे जाळे उभारले तरी व्यर्थ आहे.

एनएचएसची स्थापना ५ जुलै १९४८ ची, पण तिथल्या जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातली कागद ठेवण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या पाठोपाठ रुग्णाचे कागद एका लहान, जाड पाकिटात ठेवण्याची रीत पडली, आणि तो कायदा आणणाऱ्या मंत्र्यांच्या नावावरून त्याला लॉइड जॉर्ज पाकीट म्हटले जाऊ लागले. हॉस्पिटलची पत्रे, तपासणीचे रिपोर्ट, बाळाच्या लसी, सगळे घड्या घालून त्यात कोंबलेले असे. वाचायला अवघड, पण एका माणसाचे एका जागी. रुग्णाने गाव बदलले की पाकीट त्याच्या नव्या डॉक्टरकडे जायचे. प्रत्येक माणसाचे नाव कोणत्या ना कोणत्या एका जीपीकडे नोंदलेले असणे आणि त्याचे कागद त्याच्या मागोमाग जाणे, ही व्यवस्था संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती. एनएचएसच्या डिजिटल नोंदींचे यश सांगताना हा पाया अनेकदा विसरला जातो.

जीपींनी १९८० च्या दशकात संगणक घ्यायला सुरुवात केली ती वरून हुकूम आला म्हणून नव्हे. रक्तदाब, थायरॉइड, दमा अशा रुग्णांना त्याच त्या गोळ्यांची चिठ्ठी पुन्हापुन्हा हाताने लिहावी लागे, आणि संगणक ती छापून देई. हा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसणारा होता. आज इंग्लंडमधल्या निम्म्याहून अधिक जीपी दवाखान्यांत चालणारे एमिस हे सॉफ्टवेअर यॉर्कशरमधल्या एग्टन नावाच्या खेड्यातल्या जीपींनी आपल्या गरजेतून बनवले. लफबरो इथले जीपी जेम्स रीड यांनी आजार, लक्षणे, तपासण्या आणि उपचार यांना लहान लहान सांकेतिक अक्षरे नेमून दिली, कारण त्या काळच्या संगणकात मोठा मजकूर साठवायला जागा नव्हती. सरकारने ही रीड संकेतावली १९९० मध्ये विकत घेतली. तिची पुढची आवृत्ती आणि अमेरिकेतली एक संकेतावली यांच्या मिलाफातून २००२ मध्ये स्नोमेड सीटी तयार झाली, आणि आज जगातले अनेक देश ती वापरतात. भारत २०१४ पासून ती सांभाळणाऱ्या संस्थेचा सदस्य आहे, आणि आपल्याकडे तिच्या वितरणाचे काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतले राष्ट्रीय केंद्र पाहते. एका जीपीच्या सोयीसाठी जे घडले, त्याचे धागे पुण्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत, हे मला फार मोलाचे वाटते.

२००४ मध्ये जीपींचा नवा करार झाला आणि त्यात कामाच्या दर्जाशी मोबदला जोडला गेला. मधुमेहाच्या किती रुग्णांची साखर आटोक्यात आहे, हृदयविकाराच्या किती रुग्णांचा रक्तदाब वर्षभरात मोजला, हे नोंदींतून मोजून पैसे मिळू लागले, आणि सांकेतिक नोंदी करण्याची सवय जवळपास प्रत्येक दवाखान्याला लागली. या पद्धतीचा तोटाही मी पाहिला आहे. समोरच्या रुग्णाकडे पाहण्याऐवजी पडद्यावरच्या रिकाम्या चौकटी भरण्याकडे लक्ष जाते. तरीही मी असे म्हणेन की इंग्लंडकडे आज जी खरोखर वापरण्याजोगी नोंद आहे ती मुख्यतः जीपींकडची आहे, आणि ती जीपींनी आपल्या कामासाठी लिहिली म्हणून आहे.

रुग्णालयांची गोष्ट वेगळी घडली. फेब्रुवारी २००२ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या निवासस्थानी झालेल्या बैठकीनंतर एनएचएसच्या संगणकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. इंग्लंडचे पाच विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका बड्या कंपनीकडे सोपवला. लंडन बीटीकडे, दक्षिण फुजित्सूकडे, वायव्य आणि वेस्ट मिडलँड्स सीएससीकडे, आणि पूर्वेकडचे दोन विभाग ॲक्सेंचरकडे. २०१० पर्यंत प्रत्येक रुग्णाची संपूर्ण इलेक्ट्रॉनिक नोंद तयार व्हायची होती. २००६ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने एकूण खर्चाचा अंदाज १२.४ अब्ज पौंड सांगितला. त्याच वर्षी ॲक्सेंचर बाहेर पडली, २००८ मध्ये फुजित्सूचा करार संपुष्टात आला, आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने हा कार्यक्रम मोडीत काढण्याची घोषणा केली.

या अपयशाची कारणे सांगताना कंपन्यांच्या आणि करारांच्या चुकांवर भर दिला जातो, आणि त्या चुका होत्याच. पण मला त्याहून खोल कारण वेगळे दिसते. एका विभागातल्या सगळ्या रुग्णालयांत एकच प्रणाली बसवायची, असे ठरले तेव्हा त्या रुग्णालयांशी करार झालेला नव्हता. करार केंद्राने केला होता. वॉर्डातल्या सिस्टरला औषधांचा तक्ता कसा दिसायला हवा, अपघात विभागातल्या डॉक्टरला नोंद करायला किती वेळ मिळतो, भूलतज्ज्ञ कागदावर नेमके काय पाहतो, हे विचारणारे आणि त्यानुसार बदल करून देणारे कोणी त्यांच्या जवळ नव्हते. परिणामी लिहायचे त्यांनी आणि लाभ व्हायचा तो पुढे केव्हातरी दुसऱ्या कोणाला, अशी ती रचना झाली. रुग्णालयांनी ती टाळली, लांबवली किंवा नाइलाजाने सोसली.

त्याच कार्यक्रमाचे काही भाग मात्र जगले, आणि ते कोणते हे पाहण्यासारखे आहे. एक्स-रे आणि स्कॅन पडद्यावर पाहण्याची प्रणाली २००७ संपेपर्यंत इंग्लंडच्या सगळ्या मोठ्या रुग्णालयांत बसली होती, आणि तिच्याविरुद्ध कोणाची फारशी तक्रार ऐकू आली नाही, कारण फिल्म शोधत बेसमेंटमध्ये जाण्याचा त्रास ज्या दिवशी ती बसली त्याच दिवशी संपला. औषधाची चिठ्ठी हिरव्या कागदाऐवजी थेट रुग्णाच्या पसंतीच्या मेडिकलवाल्याकडे पाठवण्याची सेवा टिकली. तिने जीपीच्या स्वागतकक्षाचा आणि रुग्णाचा, दोघांचाही हेलपाटा वाचवला. आणि या सगळ्याच्या मागे, कोणाच्याही पडद्यावर न दिसणारा, स्पाइन नावाचा कणा टिकला. रुग्ण कोण, त्याचा जीपी कोण, त्याची चिठ्ठी कुठे गेली, अशी मोजकी माहिती तो सांभाळतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तो बाहेरच्या कंपनीकडून काढून एनएचएसच्या स्वतःच्या लीड्समधल्या अभियंत्यांनी मुक्तस्रोत साधनांवर नव्याने उभा केला. ज्यांना राष्ट्रीय प्रणाली म्हणजे खासगी कंपनीला दिलेले भलेमोठे कंत्राट असेच वाटते, त्यांनी हा भाग जरूर अभ्यासावा.

स्पाइनवरचा संक्षिप्त नोंदीचा उपक्रमही याच नियमाने समजतो. त्याचा गाभा तीनच गोष्टींचा आहे: चालू औषधे, ॲलर्जी आणि औषधांचे पूर्वी झालेले वाईट परिणाम. संशोधक त्रिशा ग्रीनहाल्ग यांच्या गटाने २०१० मध्ये त्याचे मूल्यमापन केले तेव्हा त्याचा वापर अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला होता. पुढे तो वाढला, आणि त्यातही रुग्णालयांतले फार्मासिस्ट त्याचा भरपूर वापर करू लागले. रात्री भरती झालेली, बोलण्याच्या स्थितीत नसलेली आजी घरी कोणत्या गोळ्या घेत होती, हे त्यांना जीपीचा दवाखाना उघडण्याची वाट न पाहता कळू लागले. या नोंदीसाठी जीपीला वेगळे काही लिहावे लागत नाही. तो आपल्या कामासाठी जे लिहितो त्यातूनच ती आपोआप तयार होते, आणि म्हणूनच ती ताजी राहते.

आता रुग्ण ओळखण्याबद्दल, कारण नोंद कितीही चांगली असली आणि ती चुकीच्या माणसाच्या नावावर पडली, तर नसलेली बरी. एनएचएस क्रमांक दहा अंकी आहे आणि सध्याचे रूप १९९६ पासूनचे आहे. त्यातला शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो: पहिल्या नऊ अंकांना अनुक्रमे १० ते २ ने गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे, उरलेली बाकी ११ मधून वजा करायची, आणि येईल तो शेवटचा अंक, उत्तर ११ आले तर शून्य धरतात, आणि १० आले तर तो क्रमांक कोणाला दिलाच जात नाही. टंकताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर संगणक लगेच अडवतो. पण रुग्णाला आपला क्रमांक पाठ नसतो, आणि मग नाव, जन्मतारीख, लिंग आणि पोस्टकोड यांवरून त्याला शोधावे लागते. इथे आपल्या लोकांची गंमत नव्हे, खरी अडचण होते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहिलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. लग्नानंतर आडनावच काय, कधी पहिले नावही बदललेल्या बायका आहेत. मधल्या जागी कधी वडिलांचे, कधी नवऱ्याचे नाव येते. आणि पासपोर्टवर एक तर जीपीकडे दुसरे, असेही होते. मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या एखाद्या मराठी सासूबाईंच्या दोन वेगवेगळ्या नोंदी तयार होतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी त्यांतल्या एकीतच राहते. जोडणी करणारे नियम मुख्यतः इंग्रजी नावांच्या सवयींवर बेतलेले असतात, हे मी बैठकांत आग्रहाने मांडतो, आणि ते ऐकून घेतले जाते.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये तर क्रमांकच वेगळा आहे; तिथल्या दहा अंकी क्रमांकाचे पहिले सहा अंक म्हणजे जन्मतारीख. आरोग्यसेवेचे नाव एक असले तरी सीमा ओलांडताना नोंद आपोआप मागे येत नाही.

माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट जरा जवळून सांगतो. रुग्णाने जीपी बदलला की लॉइड जॉर्ज पाकिटाच्या जागी आता त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाते. ॲलर्जीची नोंद जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तिथल्या औषधकोशातल्या एका विशिष्ट नोंदीला बांधलेली असते, आणि नव्या सॉफ्टवेअरला तिचा जोडीदार सापडला नाही, तर ती ॲलर्जी येते खरी, पण नुसता मजकूर म्हणून. डॉक्टरने वाचला तर पेनिसिलिन हा शब्द तिथे दिसतो; पण पेनिसिलिन गटातले औषध लिहिताना जो लाल इशारा यायला हवा, तो येत नाही. अशा नोंदींवर दर्जा घसरल्याची खूण केली जाते, आणि कोणीतरी माणसाने प्रत्येक नोंद उघडून औषध पुन्हा निवडायचे असते. काही सॉफ्टवेअर तर हे होईपर्यंत औषध लिहूच देत नाहीत. आता हे कोणी करायचे? जीपीकडे एका रुग्णासाठी साधारण दहा मिनिटे असतात. स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याला पेनिसिलिन आणि त्याच्या गटातली औषधे यांचे नाते ठाऊक असेलच असे नाही. आलेल्या नोंदी वाचून सारांश करणारा वेगळा माणूस ज्या दवाखान्यात आहे तिथे हे नीट होते, आणि जिथे नाही तिथे ते साचत जाते.

इंग्लंडमध्ये अशा धोक्यांची रीतसर नोंदवही ठेवावी लागते. प्रणाली बनवणाऱ्यांसाठी डीसीबी ०१२९ आणि ती वापरात आणणाऱ्या संस्थेसाठी डीसीबी ०१६० अशी दोन मानके आहेत, आणि दोन्हींत सुरक्षिततेची जबाबदारी परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकावर असते. धोका काय, कशामुळे, रुग्णाला काय होऊ शकते, तो कमी करायला काय केले आणि उरलेला धोका कोणी स्वीकारला, हे सहीनिशी लिहावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे असे अनेक अभियंत्यांना वाटते. माझ्या दृष्टीने सगळ्या व्यवस्थेत याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही, कारण पडदा बनवणाऱ्याला आणि त्या पडद्यासमोर रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या सिस्टरला हीच वही एका टेबलावर आणते.

ती सिस्टर मी काल्पनिक म्हणून लिहिलेली नाही. एका रुग्णालयात नव्या प्रणालीत भरतीच्या वेळी ॲलर्जीची चौकट भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे, आणि निवडायला दोनच पर्याय होते: ॲलर्जी आहे, किंवा माहितीत नाही. बेशुद्ध आलेल्या, सोबत कोणी नसलेल्या रुग्णाला काय लिहायचे? पुढचे पान उघडायलाच हवे, म्हणून सिस्टर दुसरा पर्याय दाबत. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरला तो शब्द दिसे आणि वाटे, की कोणीतरी विचारून घेतले आहे. विचारून नाही म्हटलेले, विचारायलाच न मिळालेले, आणि विचारले पण रुग्णाला सांगता न आलेले, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कागदावर सिस्टर त्या तीन वेगळ्या रीतींनी लिहीतच होत्या. पुढे तो पडदा बदलला. तो बदलण्यासाठी लागलेली सगळी माहिती पहिल्या दिवसापासून वॉर्डात उपलब्ध होती. ती विचारायला कोणी आले नव्हते, एवढेच.

नोंद लिहिणाऱ्याइतकाच नोंद ज्याची आहे त्याचाही विचार करावा लागतो. जीपींच्या नोंदी संशोधन आणि नियोजनासाठी एकत्र करण्याचा केअर डॉट डेटा नावाचा उपक्रम इंग्लंडने हाती घेतला, २०१४ च्या आरंभी घरोघरी पत्रके वाटली, आणि लोकांत इतका अविश्वास उसळला की तो आधी थांबवावा लागला आणि जुलै २०१६ मध्ये रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेवर देखरेख करणाऱ्या डेम फियोना कॅल्डिकॉट यांच्या अहवालाबरोबरच बंद झाला. संशोधनासाठी नोंदी वापरल्या जाव्यात, असेच माझे मत आहे, आणि त्यांतून जीव वाचतात हे मी जाणतो. पण डॉक्टरला विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढे कोण वाचणार आहे, हे माणसाला साध्या भाषेत, वेळेवर आणि नाही म्हणण्याच्या सोयीसकट सांगितले गेले पाहिजे. तसे झाले नाही, तर रुग्ण डॉक्टरला सांगायचेच थांबवतो.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्याची आखणी करणाऱ्यांनी एक गोष्ट योग्य केली आहे असे मला मनापासून वाटते: नोंदी दिल्लीत एका कोठारात गोळा होत नाहीत, त्या जिथे तयार झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने एकीकडून दुसरीकडे जातात. रुग्णाची ओळख पटवणारा चौदा अंकी आभा क्रमांक, डॉक्टर आणि दवाखान्यांच्या नोंदवह्या, संमतीची यंत्रणा आणि संदेशांचे समान स्वरूप, एवढाच मधला थर केंद्राने आपल्याकडे ठेवला आहे. इंग्लंडला जे बरेच पैसे घालवून कळले, ते इथे आरंभीच स्वीकारले गेले.

पण आपल्याकडे जीपीची यादी नाही आणि लॉइड जॉर्ज पाकीटही नाही. आपली नोंद रुग्णाच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असते: पिवळे पडलेले केसपेपर, गुंडाळी केलेला ईसीजी, तीन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे देणाऱ्या डॉक्टरने हे सगळे टंकावे, अशी अपेक्षा करणारी कोणतीही प्रणाली चालणार नाही, आणि त्याला दोष देण्यात काही हशील नाही. त्या मानाने केसपेपरच्या खिडकीवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून नाव-पत्ता आपोआप पाठवण्याची सोय लोकांनी उचलून धरली, कारण रांग कमी झाली. रुग्णाला आणि खिडकीमागच्या कारकुनाला, दोघांनाही त्याच सकाळी फायदा झाला.

यापुढचे पाऊल म्हणून मला विचाराल, तर मी ओपीडीचा नाद तूर्त सोडून डिस्चार्ज कार्ड हाती घ्यावे असे सांगेन. इंग्लंडमध्ये रुग्ण घरी गेल्यापासून २४ तासांत त्याचा सारांश इलेक्ट्रॉनिक रूपात जीपीकडे पोहोचवणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे, आणि दोन संस्थांमधल्या दुव्यांत हा दुवा सर्वांत जास्त कामाला येतो. आपल्याकडे हे कार्ड दुपारच्या गडबडीत इंटर्न हाताने लिहितो. निदान आयपीडीच्या कागदांवरून, औषधे तक्त्यावरून, रिपोर्ट लॅबच्या चिठ्ठीवरून पुन्हा उतरवतो, आणि पंधरा दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जंतुसंसर्गावरचे मेट्रोनिडाझोल आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन यांतले नेमके काय लिहिले आहे, याचा अंदाज बांधावा लागतो. लॅबचे आकडे आणि औषधांची यादी कार्डात आपोआप आली, औषधे सांकेतिक कोशातून निवडली गेली, आणि खाली सकाळ-दुपार-रात्र अशा चौकटींसह मराठीत छापील सूचना निघाल्या, तर त्या इंटर्नचे तेच ते उतरवणे वाचते, रुग्णाच्या घरच्यांना वाचता येईल असा कागद मिळतो, आणि आरोग्य केंद्राला खात्रीची यादी मिळते. अशा कार्डाची मागणी वॉर्डातूनच येईल, आणि ते आभाला जोडण्याचे काम त्यानंतर सवडीने करता येईल.